बाण सुटल्यानंतरचा अर्धा सेकंद

ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या अंतिम सामन्यात 15 बाण सोडले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात गेले. 150 पैकी 150. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी महिलांची जगज्जेती झाली. या प्रकारात निशाण 50 मीटरवर असतं आणि दहाच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम 8 सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान.

याच जातीचं धनुष्य घेऊन अमेरिकेत दरवर्षी पानगळीच्या दिवसांत लाखो लोक हरणाच्या शिकारीला निघतात. तिथलं नेहमीचं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं व्हाइटटेल. त्याच्या छातीतलं काळीज आणि फुफ्फुसं मिळून साधारण 20 ते 25 सेंटिमीटरचं लक्ष्य होतं. बर्लिनच्या वर्तुळाच्या मानाने हे केवढं तरी मोठं. तरीही मुरलेला शिकारी 40 यार्डांवर, म्हणजे 36-37 मीटरवर हरीण दिसलं तर बरेचदा बाण सोडत नाही. नेम चांगला असूनही सोडत नाही.

कारण सरळ आहे. बर्लिनच्या निशाणाला कान नव्हते.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. आपल्याकडे चितळावर बाण रोखणं हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतली गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे व्हाइटटेल काही लाखांवर आलं होतं. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते. पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांतून लांडगा आणि प्यूमा केव्हाच नाहीसे झाले, त्यामुळे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम बऱ्याच अंशी परवानाधारक शिकाऱ्यांवर आलं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांना हरणांनी फस्त केलेली परसबाग आणि रात्री गाडीसमोर अचानक आलेलं हरीण काही नवीन नाही. अशा दाट वस्तीत बंदूक चालत नाही, धनुष्य चालतं. आणि धनुष्य चालवायचं तर अंतराचा प्रश्न येतोच.

आता गणित करू. कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण 80 मीटर वेगाने निघतो. (हे धनुष्य मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलनने 1960 च्या दशकात शोधलं, दोन्ही टोकांच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम कमी होतो.) 80 मीटर हा वेग ऐकायला भरपूर वाटतो, पण आवाज हवेतून सेकंदाला 343 मीटर जातो. बंदुकीची गोळी बहुधा आवाजाच्या पुढे धावते, म्हणजे हरणाला धमाका ऐकू येईपर्यंत गोळी पोहोचलेली असते. बाणाचं उलटं आहे. दोरीचा टणत्कार आधी पोहोचतो, बाण मागून येतो. श्रावणबाळाच्या गोष्टीत दशरथाने आवाजाच्या रोखाने बाण सोडला होता. इथे आवाजाचा फायदा सावजाला मिळतो.

20 यार्ड म्हणजे सुमारे 18 मीटर अंतर कापायला बाणाला 0.23 सेकंद लागतात आणि आवाजाला 0.05. हरणाच्या हातात उरतात 0.18 सेकंद. 40 यार्डांवर बाणाला 0.46, आवाजाला 0.11, उरले 0.35. 60 यार्डांवर उरतात 0.53 सेकंद. हवेच्या विरोधाने बाण वाटेत थोडा मंदावतो तो हिशेब मी सोडून दिला आहे. तो धरला तर आकडे हरणाच्या बाजूने आणखी झुकतील.

हरीण या वेळात करतं काय? बाण त्याला दिसत नाही, धनुष्य म्हणजे काय हेही ठाऊक नाही. ते फक्त दचकतं. पळण्यासाठी उडी मारायची तर आधी पाय दुमडावे लागतात, आणि पाय दुमडले की अंग खाली येतं. शिकारी याला ‘जंपिंग द स्ट्रिंग’ म्हणतात, पण बाण छातीशी पोहोचतो त्या क्षणी हरीण बहुधा उडीत नसतं, ते बसकण घेत असतं. म्हणून असे बाण पाठीवरून जातात किंवा पाठीच्या वरच्या भागात लागतात.

इथे गुरुत्वाकर्षणाने एक मर्यादा घालून दिली आहे. पाय कितीही चपळाईने दुमडले तरी धड मोकळ्या पडणाऱ्या दगडापेक्षा वेगाने खाली येऊ शकत नाही, कारण त्याला खाली ओढणारं दुसरं काही नसतं. हरणाला दचकायला 0.15 सेकंद लागतात असं उदाहरणापुरतं धरू. मग 20 यार्डांवर त्याच्याकडे जेमतेम 0.03 सेकंद उरतात आणि तेवढ्यात अंग अर्धा सेंटिमीटरसुद्धा खाली येत नाही. 40 यार्डांवर 0.2 सेकंद उरतात. तेवढ्यात ते फार तर 20 सेंटिमीटर खाली येईल. अंतर दुप्पट झालं आणि घसरण चाळीस पटींहून जास्त वाढली! मोकळ्या पडण्यातलं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि वेळ मोजायला सुरुवात होते ती दचकून झाल्यावर, म्हणून हा फरक एवढा प्रचंड दिसतो. 60 यार्डांवर हेच सूत्र 70 सेंटिमीटर सांगतं. एवढं खाली यायला जागाच नसते. तोवर हरणाने बूड टेकल्यासारखं करून उसळीही घेतलेली असते आणि ते कुठे असेल हे कुणी सांगू शकत नाही.

‘मग थोडा खाली नेम धरावा’ हा सल्ला नेहमी ऐकू येतो. जवळच्या अंतरावर तो ठीक आहे. काळजाच्या खालच्या कडेवर नेम धरला तर हरीण हललं नाही तरी बाण कामाचा, थोडं बसलं तरी कामाचा. पण 40 यार्डांवर हरीण शून्य सेंटिमीटर खाली येईल की वीस, हे त्याच्या मनःस्थितीवर ठरतं. निवांत चरणारं हरीण कदाचित जागचं हलणार नाही. कान ताठ करून, मान उंचावून उभं असलेलं हरीण आधीच स्प्रिंगसारखं ताणलेलं असतं. अनिश्चिततेचा हा पट्टाच लक्ष्याच्या रुंदीएवढा असेल तर नेम कुठे धरायचा?

दुसऱ्या बाजूनेही बोलायला हवं. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या हवेत आवाज 6 डेसिबलने उतरतो, म्हणून फार लांबून हरीण कमी दचकतं असं म्हणणारे शिकारी आहेत, आणि त्यांच्या म्हणण्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे. वारा सुटलेला असेल, पानं सळसळत असतील तर आणखी. मात्र व्हाइटटेलचे कान किमान 30 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतात आणि 4 ते 8 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतात. दोरी आणि धनुष्याच्या भागांचा तडकन येणारा आवाज बऱ्याच वरच्या कंपनांपर्यंत पसरलेला असतो. शांत पहाटे या सहा डेसिबलवर भरवसा ठेवणं मला तरी पटत नाही.

वेग वाढवला तर फरक पडतो, नक्की पडतो. 80 ऐवजी 90 मीटरचा बाण असेल तर 40 यार्डांवरची वीस सेंटिमीटरची घसरण अकरावर येते. पण तोच वेग बहुतेक वेळा हलका बाण वापरून मिळवला जातो. हलका बाण धनुष्यातली कमी ऊर्जा सोबत नेतो. उरलेली ऊर्जा धनुष्यात थरथर आणि आवाज म्हणून बाहेर पडते. एका हाताने घेतलेलं दुसऱ्या हाताने परत जातं.

लेझरच्या अंतरमापक दुर्बिणीने खरंच एक जुनी डोकेदुखी संपवली. 40 यार्डांवर अंदाज 3 मीटरने कमी पडला तर बाण साधारण 9 सेंटिमीटर खाली लागतो, 60 यार्डांवर 13. आता ही चूक जवळजवळ शून्यावर आली आहे. माझ्या मते धोकाही इथूनच सुरू होतो, कारण दुर्बीण फक्त माणसाची चूक दुरुस्त करते. स्वतंत्र चुका एकमेकींत सरळ मिळवायच्या नसतात. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं असतं. समजा हाताची चूक 8 सेंटिमीटर आणि हरणाच्या हालचालीमुळे येणारी चूक 10. एकूण होते सुमारे 13. आता वर्षभर घाम गाळून हाताची चूक निम्म्यावर, 4 वर आणली. एकूण किती? जवळजवळ 11. वर्षभराच्या मेहनतीचे मिळाले दोन सेंटिमीटर. मोठी चूक हरणाच्या बाजूची आहे आणि ती सरावाने कमी होत नाही, फक्त जवळ गेल्याने होते.

हरीण चालत असेल तर प्रश्नच मिटला. सेकंदाला एक मीटर इतक्या सावकाश चालीतही 40 यार्डांवर बाणाला लागणाऱ्या 0.46 सेकंदात ते 46 सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. छातीवर धरलेला बाण पोटात जातो.

आणि पोटात जाणं हेच सर्वांत वाईट. बाणाची ऊर्जा गोळीच्या तुलनेत किरकोळ असते: 27 ग्रॅमचा बाण 80 मीटर वेगाने नेतो सुमारे 86 ज्यूल, तर हरणाच्या शिकारीतली नेहमीची रायफल तीन हजारांच्या वर. बाण धक्क्याने मारत नाही. टोकाची धारदार पाती रक्तवाहिन्या आणि फुफ्फुसं कापतात आणि रक्तस्रावाने मृत्यू येतो. दोन्ही फुफ्फुसं कापली गेली तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. पोटात लागला तर तेच मरण तासन्‌तास लांबतं.

म्हणून ‘लागेल की नाही’ हा प्रश्नच अपुरा आहे. शक्यता तीन आहेत: वर्मी लागणं, भलतीकडे लागणं आणि पूर्ण चुकणं. पूर्ण चुकलेल्या बाणाने हरणाचं काही बिघडत नाही. अंतर वाढत जातं तसं वर्मी लागण्याचं प्रमाण घटतं, पण सुरुवातीला त्या जागी पूर्ण चुकणं येत नाही, भलतीकडे लागणं येतं, कारण वर्माभोवती हरणाचं भलं मोठं अंग असतंच. फारच लांब गेल्यावर बाण अंगाबाहेर पडू लागतात. म्हणजे हरणाच्या दृष्टीने सर्वांत क्रूर अंतर मधलं: जिथे शिकाऱ्याला ‘जमेल’ असं वाटतं, तेच.

मेरीलँडमधल्या अमेरिकी नौदलाच्या इंडियन हेड तळावर 1989 ते 2006 या काळातल्या नोंदी आहेत. तिथल्या धनुर्धारी शिकाऱ्यांनी 908 हरणांना बाण मारले आणि त्यांपैकी 746 हाती लागली. उरलेली 18 टक्के सापडली नाहीत. त्यातली सगळीच मेली असं नाही, वरवरची जखम भरूनही येते. पण हा आकडा सगळ्या अंतरांचा मिळून आहे, हे ध्यानात ठेवावं.

जाणकार शिकारी अंतराचा निर्णय हरीण समोर येईपर्यंत टांगून ठेवत नाहीत. मचाण बांधतानाच ते हरणांच्या पायवाटेपासून पंधरा-वीस मीटरवरचं झाड निवडतात, आजूबाजूच्या खोडांची अंतरं मोजून ठेवतात आणि कुठल्या खोडापलीकडे धनुष्य उचलायचंच नाही हे पक्कं करतात. तरी एक अवघड प्रसंग उरतो: दोरी ओढून झाली आहे आणि हरीण ताठरलं. 70 पौंडांच्या कंपाउंड धनुष्यात पूर्ण ताणावर बोटांशी 14 पौंडांच्या आसपासच भार असतो, म्हणून मिनिटभर वाट पाहता येते. पण बाण न सोडता दोरी परत न्यायची तर चाकं उलटी फिरताना सगळे सत्तर पौंड अचानक हातावर येतात आणि सवय नसलेल्याचा हात झटक्याने पुढे ओढला जातो. काही प्रशिक्षक सरावाच्या मैदानावर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करून घेतात: दोरी ओढायची, नेम धरायचा, बाण तसाच ठेवून सावकाश मागे यायचं.