टेम्प फाइल डिलीट होत नाही? कॉम्प्युटर दुकानात आणण्याआधी हे वाचा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या फोंड्याच्या दुकानात कॉम्प्युटर साफ करून घेणाऱ्यांची गर्दी होते, आणि त्यातले बरेच जण एकच गाऱ्हाणं घेऊन येतात, टेम्प फोल्डरमध्ये (प्रोग्राम आपल्या तात्पुरत्या फाइली ठेवतात तिथे) कसल्यातरी विचित्र नावाची फाइल आहे, डिलीट मारली तरी जात नाही, म्हणजे व्हायरसच. बहुतेक वेळा तो नसतो हो. पैसे घालवण्याआधी पाच मिनिटं घरीच बघा, आमचं एक काम कमी झालं तरी चालेल.

चालू असलेल्या प्रोग्रामने एखादी फाइल धरून ठेवली असेल तर विंडोज सहसा ती डिलीट करू देत नाही, एवढंच ते. ब्राउझर, अँटिव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, सगळेच आपला कच्चा पसारा टेम्पमध्ये टाकतात. वर्डची फाइल उघडली की तिच्या शेजारी नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली एक छोटी लपलेली फाइल तयार होते, ती वर्डचीच खूण, वर्ड बंद केलं की जाते. पण मध्येच लाइट गेली तर ती तशीच मागे राहते, आणि पावसात लाइट कशी जाते ते आम्ही तुम्हाला काय सांगायचं.

तर पहिलं काम, रीस्टार्ट. शटडाउन नाही, रीस्टार्टच, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आतला काही भाग डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तोच परत उचलते. रीस्टार्ट झाल्यावर दुसरं काही न उघडता विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, इंग्रजीत टेम्प लिहा, त्याच्या आधी आणि नंतर टक्क्याचं चिन्ह, एंटर. सगळं सिलेक्ट करून डिलीट, अडेल त्याला स्किप. चार-दोन फाइली उरल्या तर उरू द्या.

कोणी धरलीय ते बघायचंच असेल तर स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधा, सीपीयूच्या टॅबमध्ये असोसिएटेड हँडल्सच्या खान्यात फाइलचं नाव टाइप करा, कोणता प्रोग्राम आहे ते खाली दिसतं. ओळखीचा निघाला तर विषय संपला.

नेटवरून जबरदस्तीने डिलीट करणारं टूल मात्र कुठूनही उतरवू नका, खरा व्हायरस तिथूनच येतो.

आता भीती कधी बाळगायची? फाइल जात नाही तेव्हा नाही, गेलेली परत येते तेव्हा. एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर मुलाने घुमट आरत्या उतरवल्या होत्या, चिन्ह गाण्याचं, नावाच्या शेवटी एमपी3, पण त्याच्याही पुढे लपलेलं एक्सई (म्हणजे गाणं नव्हे, प्रोग्राम), कारण विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटची अशी अक्षरं) मुळातच दाखवत नाही, फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन चालू करावी लागतात. टेम्पमधली फाइल मुकाट्याने डिलीट व्हायची आणि प्रत्येक रीस्टार्टनंतर नवीन नाव घेऊन हजर! मूळ बसलं होतं टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, टेम्पमध्ये कितीही झाडू मारला असता तरी काय उपयोग.

नुसती एक्सई दिसली म्हणून घाबरू नका, इन्स्टॉलरसुद्धा त्या तिथे टाकतात. पण फाइल परत येतेय, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आपोआप बंद पडतोय, काही चालू नसताना पंखा घोंघावतोय, असं सगळं एकत्र दिसलं तर नेट काढा आणि विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडर ऑफलाइन स्कॅन लावा. आधी काम सेव्ह करा, मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी चालते, साधारण 15 मिनिटं. बँकेचे पासवर्ड बदलायचे तर दुसऱ्या मशीनवरून, आणि पैसे गेले असतील तर आमच्याकडे यायच्या आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन.

फाइल व्हायरसटोटल या वेबसाइटवर टाकून बघता येते, बरेच अँटिव्हायरस एकदम तपासतात, पण टाकलेली फाइल इतरांनाही मिळू शकते, तेव्हा हिशोबाचे किंवा आधारचे कागद तिथे नकोत.

तरीही आणायचंच झालं तर चार्जर सोबत आणा, एरर आली त्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि ती फाइल तशीच राहू द्या, तिची तारीख-वेळ बघूनच आम्ही माग काढतो.