हरलेला प्राणी आपल्या बाजूनं कधीपासून लढायला लागला

आमच्याकडं पाटण तालुक्यात पावसाळा लागला की पोरं सोनकिडे धरायला सुटायची. रिकामी काड्यापेटी, त्यात बाभळीचा पाला, त्यात सोनकिडा, आणि ती पेटी दप्तरातनं शाळेत. मधल्या सुट्टीत कुणाचा जास्त चमकतो ते बघायचं, दोन गोट्या वर देऊन अदलाबदल पण व्हायची. हे आधी सांगतोय कारण पोकेमॉन, म्हणजे रानातले प्राणी धरून लढवायचा जपानी गेम, ज्या माणसाच्या डोक्यातनं निघाला त्या सातोशी ताजिरीचं लहानपण असंच गेलंय, टोकियोच्या कडेला माचिदा म्हणून गाव आहे तिथं तो डबक्यांच्या कडेनं किडे धरत फिरायचा आणि पोरं त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणायची. पुढं गावाचं शहर झालं, डबकी बुजली, रानं गेली. किडे धरण्यातली ती मजा पुढच्या पोरांना गेममधनं मिळावी असं त्याला वाटत होतं. साताऱ्याच्या आजूबाजूला जे प्लॉटिंग चाललंय ते बघितलं की मला त्याचं म्हणणं लगेच कळतं.

दिवाळीत भाचा आलेला, सातवीतला. मी फायररेड, पोकेमॉनचाच एक जुना गेम, लावून बसलो होतो तर बाजूला बसून बघत होता, जरा वेळानं म्हणाला, मामा ह्यात तू स्वतः का मारत नाहीस, नुसता उभा राहून पोकेमॉनलाच का पुढं करतोस? त्यानं आधी पॅलवर्ल्ड खेळलंय, त्यात माणूस स्वतः बंदूक घेऊन लढतो आणि सोबत प्राणी पण लढतात, म्हणून त्याला हे विचित्र वाटलं. प्रश्न बारका वाटतो पण ह्या सगळ्या गेम्सचा इतिहास त्या एका प्रश्नाभोवतीच फिरतो. लढतंय कोण, मी का माझा प्राणी? आणि समोरच्याला मारायचं का धरायचं? त्याला तिथल्या तिथं नीट सांगता आलं नाही म्हणून हे लिहितोय.

पोकेमॉनच्या आधी ९ वर्षं, १९८७ ला, अ‍ॅटलस कंपनीनं फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या मशीनवर, मेगामी टेन्सेई बनवला. एका जपानी कादंबरीवरनं बनवलेला गेम. समोर राक्षस आला की त्याच्याशी बोलायचं, पैसे द्यायचे, वस्तू द्यायच्या, पटला तर तो आपल्याकडं येतो, आणि दोन राक्षस एकत्र करून तिसरा बनवता येतो. पुढं ह्याच मालिकेत जगभरातले देव आणि राक्षस आले, त्यात आपले शिव, विष्णू, गणपती, गरुड पण आहेत. पहिल्यांदा ते स्क्रीनवर बघितलं तेव्हा मी खरंच दचकलो होतो आणि अजून पण गणपतीला फ्यूजनमध्ये टाकायला माझा हात होत नाही. पण मुद्दा असा की इथं शत्रूला आपलंसं करायचा रस्ता बोलण्यातनं जात होता.

मग १९९२ ला ड्रॅगन क्वेस्ट ५ आला. ह्यात लढाई संपते, राक्षस हरतो, आणि कधी कधी त्यातला एक परत उठतो आणि आपल्याकडं बघत थांबतो, सोबत यायचंय म्हणतो. दरवेळी नाही, नशिबावर. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकारातला सगळ्यात भारी क्षण तोच आहे, कारण आत्ता दोन मिनिटांपूर्वी ज्यानं आपल्याला ओरबाडलं तो आपल्या गाडीत येऊन बसतो आणि आपल्याला त्याच्यावर भरवसा ठेवावा लागतो.

ताजिरीचं काम १९९० च्या सुमारास सुरू झालं. गेम फ्रीक आधी कंपनीच नव्हती, १९८३ पासनं तो त्या नावाचं गेम्सविषयीचं मासिक काढायचा, १९८९ ला कंपनी झाली. सुरुवातीला गेमचं नाव कॅप्सूल मॉन्स्टर्स होतं. गेमबॉय म्हणजे हातात धरून खेळायचं मशीन, त्याला दुसरा गेमबॉय जोडायची केबल असते, ती बघून त्याला वाटलं की ह्या वायरीतनं किडा चालत इकडचा तिकडं गेला पाहिजे. सहा वर्षं घासली, पैशाची ओढाताण झाली, आणि २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये पोकेमॉनचे रेड आणि ग्रीन असे दोन गेम आले. दोन्हीत काही पोकेमॉन वेगळे, त्यामुळं एकट्यानं सगळे मिळणारच नाहीत, कुणाकडं तरी जावंच लागतं. काड्यापेटीची अदलाबदल ती हीच! १५१ वा पोकेमॉन म्यू तर शेवटच्या टप्प्यात, तपासणीचा कोड काढल्यावर कार्ट्रिजमध्ये जी थोडी जागा उरली तिच्यात गेम फ्रीकच्याच शिगेकी मोरिमोतोनं घुसवला.

आता ह्यातली धरायची पद्धत नीट बघा कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रानातला पोकेमॉन पूर्ण ताकदीत असला तर त्याला धरायला फेकलेल्या बॉलमध्ये सहसा थांबत नाही. त्याची ताकद जितकी कमी तितका धरायचा चान्स जास्त, आणि झोपवला किंवा गोठवला तर अजून जास्त. पण एक फटका जास्त बसला आणि तो बेशुद्ध पडला की गेला, हातात काय नाही. म्हणजे जिंकायचं पण पूर्ण जिंकायचं नाही. तालमीत वस्ताद नव्या पोराला खेळवतो तेव्हा त्याला चितपट न करता नुसता दाबून धरतो ना, तसं मोजून-मापून. १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये तर फॉल्स स्वाइप नावाचा वारच दिला, कितीही जोरात मारला तरी समोरच्याचा १ पॉइंट शिल्लक राहतोच. ज्या वाराचं कामच न मारणं आहे असा वार गेममध्ये ठेवावा लागला ह्यातच सगळं आलं.

बत्तीस शिराळा आमच्यापासनं लांब नाही. तिथं नागपंचमीला जिवंत नाग धरून मडक्यात ठेवायचे, पूजा करायची आणि परत सोडायचे, पुढं १९७२ च्या वन्यजीव कायद्यावरनं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि ते बंद झालं. माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय की नाग धरणाऱ्याची खरी कसब त्याला खरचटू न देण्यात असायची. फायररेड खेळताना मला दरवेळी ते आठवतं.

साताऱ्यात हे सगळं आमच्यापर्यंत उलट्या क्रमानं पोचलं. आधी टीव्हीवर हिंदीतलं कार्टून, मग चिप्सच्या पुड्यातले टाझो, आणि गेम सगळ्यात शेवटी. गेमबॉय कुणाकडंच नव्हता. पोवई नाक्याजवळ एका सायबर कॅफेत एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर असले गेम चालवायचा प्रोग्रॅम, टाकलेला होता, तासाला पैसे मोजून आम्ही तिघं एका खुर्चीवर बसायचो, एकजण बटणं दाबणार, दुसरा म्हणणार "काय लगा, मारू नको, बॉल टाक बॉल टाक", तिसरा घड्याळ बघणार. एकदा कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि आमची सेव्ह फाइल गेली, त्यातला ६२ लेव्हलचा चॅरिझार्ड नावाचा पोकेमॉन अजून माझ्या डोक्यात आहे.

आता अ‍ॅक्शन आरपीजीकडं, म्हणजे आपलं पात्र वाढवत स्वतः बटणं दाबून लढायच्या गेम्सकडं, येतो, कारण भाच्याचा प्रश्न खरं तर तिथला. पाळीपाळीनं खेळायच्या गेममध्ये कोण लढतंय हे सांगणं सोपं असतं, मेनू उघडायचा, वार निवडायचा. पण जिथं बटण दाबलं की लगेच हात चालतो तिथं खेळाडू स्वतः पळतोय, चुकवतोय, मारतोय, मग प्राण्यानं करायचं काय? ह्याची उत्तरं प्रत्येकानं वेगवेगळी काढली.

२००० च्या डायब्लो २ मधला नेक्रोमॅन्सर, म्हणजे मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक, घ्या. शत्रू मेला की त्याचं प्रेत हा त्याचा कच्चा माल, त्यातनं सांगाडे उठवायचे, आणि वरची लेव्हल झाली की रिव्हाइव्ह म्हणून विद्या आहे, मेलेला राक्षसच ३ मिनिटं आपल्या बाजूनं लढतो आणि मग कोसळतो. इथं जीव लावायला जागा नाही, सैन्य म्हणून भारी.

दुसरं उत्तर २००३ च्या कॅसलव्हेनिया आरिया ऑफ सॉरोचं, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर. शंभरावर शत्रू आणि जवळपास प्रत्येकाचा आत्मा मिळू शकतो, काहींचा पटकन तर काहींचा शंभर वेळा मारून पण नाही. आत्मा मिळाला की त्या राक्षसाची विद्या आपल्या अंगात येते, लाल आत्मा असेल तर फेकायचा वार, निळा असेल तर बटण धरून ठेवलं तोपर्यंत चालणारी शक्ती किंवा सोबती, पिवळा असेल तर अंगातच भिनतो. म्हणजे प्राणी गोळा तर होतात पण लढतो आपणच. मला हा गेम आजपण सगळ्यात आवडतो, कारण ह्यात मारणं आणि गोळा करणं ही एकच गोष्ट आहे, त्यासाठी थांबावं लागत नाही.

आणि तिसरं, अगदी उलटं. २००२ ला फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीनं निन्टेन्डोच्या गेमक्यूब मशीनसाठी लॉस्ट किंगडम्स काढला, त्यातली राजकन्या कातिया हातात तलवारच घेत नाही. तिच्याकडं पत्ते, पत्त्यातनं राक्षस, आणि शत्रू तर तिच्या अंगावर थेट येतायत, तेव्हा पळत पळत पत्ता निवडायचा आणि टाकायचा. हा गेम फार कुणी खेळलेला नाही आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पोकेमॉनचा विचार आणि अ‍ॅक्शनचा दम एकत्र आणायचं धाडस त्यांनी तेव्हाच केलं होतं. बरोबर २० वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ ला, त्याच कंपनीचा एल्डन रिंग आला आणि त्यात स्पिरिट अ‍ॅशेस आहेत, मेलेल्यांची राख गोळा करायची आणि घंटी वाजवून त्यांना लढाईत बोलवायचं. लोक अजून भांडतायत की राख वापरून बॉस, म्हणजे टप्प्यावरचा मोठा शत्रू, मारला तर तो खरा मारला का. माझं उत्तर हो. गोळा केलेल्याला वापरणं ही पण खेळण्याचीच रीत आहे, वाट शोधत राख मिळवायला कष्ट पडलेच की.

मधे दोन गेम आले जे दोन्हीकडं पाय ठेवून होते. २०११ चा नी नो कुनी, त्यात हरलेल्या प्राण्याच्या डोक्यावर बदाम दिसायला लागले की एस्थर ही सोबतीण वीणेसारखं वाद्य वाजवून त्याला वळवते, आणि लढाईत पोरगा आणि प्राणी ह्यांच्यात अदलाबदल करत राहायचं. आणि २०१२ चा किंगडम हार्ट्स ड्रीम ड्रॉप डिस्टन्स, निन्टेन्डोच्या हातातल्या ३डीएस मशीनवर, त्यात ड्रीम ईटर म्हणून प्राणी आहेत, एकाच जातीचे, त्यातले नाइटमेअर म्हणजे मारायचे आणि स्पिरिट म्हणजे आपले. स्पिरिट धरायचे पण नाहीत, नाइटमेअर मारून मिळालेल्या वस्तूंमधनं बनवायचे, आणि मग स्टायलसनं कुरवाळायचे. ज्याला आत्ता कुरवाळलं त्याच्याच जातभाईला पुढच्या वळणावर तोडायचं, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

२०१६ चा पोकेमॉन गो, मोबाईल घेऊन चालत खेळायचा गेम, इथं फक्त नावापुरता घेतो. भारतात तो डिसेंबरमध्ये जिओच्या सोबतीनं आला, आम्ही राजवाड्यापासनं नाक्यापर्यंत चालायचो, अजिंक्यताऱ्यावर पण गेलो. त्यात प्राण्याला आधी दमवायचंच नसतं, सरळ बॉल फेकायचा, म्हणून ह्या गोष्टीत तो बसत नाही.

मोठा बदल झाला तो जानेवारी २०२२ ला, पोकेमॉनच्याच लेजेंड्स आर्सेयसमध्ये. गवतात लपून पोकेमॉनच्या पाठीवर बॉल फेकायचा, चुकलं तर तो सरळ माणसावर धावून येतो, आपल्याला लोळण घेऊन चुकवावं लागतं, आणि जास्त मार बसला तर आपणच बेशुद्ध. २५ वर्षं कडेला उभा असलेला माणूस पहिल्यांदा मैदानात आला. तरी प्राण्यांच्या आपापसातल्या लढाया पाळीपाळीनंच होत्या.

१९ जानेवारी २०२४ ला पॅलवर्ल्ड आला आणि सगळंच मोकळं करून टाकलं, मारा, धरा, कामाला लावा, स्वतः बंदूक चालवा. महिन्याभरात अडीच कोटी खेळाडू झाले. सप्टेंबरमध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीनं टोकियोत पेटंटचा दावा लावला, आणि नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये बॉल फेकून पॅल, म्हणजे त्यातला प्राणी, बाहेर काढायची पद्धत काढावी लागली, आता तो आपल्या शेजारीच प्रकटतो. भाच्याला हे माहीतच नव्हतं. बॉल फेकणं ह्या एका हालचालीवरनं कोर्टात भांडण होतं ह्यावर त्याचा विश्वास बसेना.

मग ऑक्टोबर २०२५ ला पोकेमॉनचा लेजेंड्स झेड-ए आला आणि पाळी ही भानगडच गेली, प्रत्येक वाराला थोडा थांबायचा वेळ, तोपर्यंत आपण पण पळायचं आणि पोकेमॉनला पण जागेवर न्यायचं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. रानटी पोकेमॉनची ताकद पूर्ण संपली तरी तो लगेच जात नाही, काही सेकंद तिथंच असतो, आणि तेवढ्यात एक बॉल टाकता येतो. भाच्याला ते दाखवलं तर तो म्हणाला मग आधी का नव्हतं असं. १९९२ ला होतं रे, दुसऱ्या गेममध्ये, तो उठून तुझ्याकडं बघायचा.