पाटावरचा कापूस, पाटाखालचा कापूस

डिसेंबर लागला की अंगणवाडी सेविकांच्या मोबाईलवर ‘हिवाळा’ नावाच्या पीडीएफ फायली फिरायला लागतात. यंदा त्यातली एक माझ्या वहिनीने मला दाखवली. ती वर्धा नदीकाठच्या एका गावात सेविका आहे आणि तिच्याकडे तीन ते सहा वर्षांची एकवीस मुलं येतात. फायलीत होतं काय, तर बर्फाच्या माणसाला गाजराचं नाक लावा, पेंग्विन रंगवा, हातमोज्यांच्या जोड्या जुळवा, कापसाचे बोळे चिकटवून हिमवर्षाव करा. वहिनी म्हणाली, “भाऊजी, यातलं मी घेऊ काय? कापूस तेवढा आपल्या घरचा आहे.”

तिचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

विदर्भात थंडी काही कमी पडत नाही. 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. पण बर्फाला शून्य लागतं, आणि आपल्या गावच्या पोराने ढगातून पडणारा बर्फ पाहिला असेल तर तो गारपिटीचा, ज्याने संत्र्याचा बहर झोडपून काढला. त्याला बर्फाच्या माणसाचं चित्र रंगवायला लावलं की तो रंगवेल, रंगवायला त्याला आवडतंच. फक्त त्यातून हिवाळ्याबद्दल त्याच्या हाताला काही लागणार नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा गावातले शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच शिकवायची साधनं केली. ऐंशी वर्षांनी आपण पेंग्विन छापून वाटावेत, हे मला पटत नाही.

आपल्या हिवाळ्याकडे दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. खोबरेल तेलाची बाटली सकाळी गोठलेली असते आणि उन्हात धरली की पातळ होते, कारण ते 24-25 अंशांच्या आसपासच वितळतं. तोंडातून वाफ निघते. हुरड्याची कणसं भाजताना शेकोटीच्या कोणत्या बाजूला धूर येतो, हेही मुलं बरोबर सांगतात. यातलं प्रत्येक एकेका दिवसाचं काम आहे. मला मात्र लिहायचंय ते दवाबद्दल, कारण विदर्भातला हिवाळा खऱ्या अर्थाने कुठून येतो ते दव सांगतं.

आपण म्हणतो, दव पडलं. भाषाच तशी असल्याने दव वरून पावसासारखं पडतं असं बहुतेकांना मनोमन वाटतं. वहिनीकडच्या एका मुलीने ओलं अंगण पाहून विचारलंच, “बाई, राती पानी आलं व्हतं?” आता एक साधी गोष्ट बघा. रात्री अंगणात उभ्या केलेल्या मोटारसायकलची सीट सकाळी चिंब ओली असते. तीच गाडी दाट कडुनिंबाखाली लावली तर सीट कोरडी. पाऊस अडवायला झाड आडवं आलं, असं वाटणं साहजिक आहे. पण वरून काही पडतच नसेल, तर झाडाने अडवलं काय?

हा प्रश्न लंडनमधल्या विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने सोडवला आणि 1814 साली दवावर एक निबंध प्रसिद्ध केला. दव आभाळातून उतरतं की जमिनीतून वर येतं, असा वाद तोवर चालू होता. वेल्सने एक लाकडी फळी चार खुंट्यांवर उभी केली. दहा ग्रेन, म्हणजे साधारण 0.65 ग्रॅम वजनाचा लोकरीचा पुंजका फळीच्या वर ठेवला आणि तेवढाच दुसरा खालच्या बाजूला लावला. निरभ्र रात्र गेल्यावर दोन्ही वजन केले. वरच्या पुंजक्याचं वजन 14 ग्रेनने वाढलं होतं, खालच्याचं फक्त 4 ग्रेनने. दव जमिनीतून येत असतं तर खालचा जास्त भिजायला हवा होता. आणि ते आभाळातून पडत असतं तर खालच्याला 4 ग्रेन तरी कुठून मिळाले?

उत्तर असं की पाणी दोघांच्या अवतीभवतीच्या हवेतलंच होतं. फरक होता तो पुंजके किती गार झाले त्याचा.

हवेत वाफ असते, आणि हवा जितकी गार तितकी तिच्यात वाफ कमी मावते. समजा पहाटे हवा 14 अंशांवर आहे आणि आर्द्रता 80 टक्के आहे. ही हवा साधारण साडेदहा अंशांपर्यंत गार झाली तर तिच्यातली वाफ मावेनाशी होते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. म्हणजे एखादी वस्तू हवेपेक्षा साडेतीन अंशांनी जास्त गार झाली की तिच्यावर थेंब धरायला लागतात. पण वस्तू आपल्याभोवतीच्या हवेपेक्षा गार होईलच कशी? थंडी हवेतून येते, असंच तर आपण धरून चालतो.

इथे मला थोडं सावकाश सांगू द्या, कारण दवातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. प्रत्येक वस्तू रात्रंदिवस उष्णता बाहेर टाकत असते. ही उष्णता प्रकाशासारख्याच, पण डोळ्याला न दिसणाऱ्या लहरींनी जाते. त्या अवरक्त लहरी. शेकोटीपासून चार हात दूर उभं राहूनही गालाला धग लागते ती यांचीच. दहा अंशांवरचा एक चौरस मीटर पृष्ठभाग सुमारे 360 वॉट एवढी उष्णता अशी सोडतो. मग सगळं गोठून का जात नाही? कारण समोरची भिंत, झाड, ढग हेही तेवढीच परत पाठवतात. घेणंदेणं जवळपास फिटतं. निरभ्र आकाशाकडून मात्र तेवढं परत येत नाही. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन या लहरींना जवळजवळ पारदर्शक असतात. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्या अडवतात, पण सगळ्या नाही. 8 ते 13 मायक्रोमीटर लांबीच्या लहरींसाठी कोरड्या हवेत एक खिडकी उघडी राहते. आणि आपल्या अंगणातल्या वस्तू सर्वांत जास्त उष्णता सोडतात ती 10 मायक्रोमीटरच्या आसपास, बरोबर त्या खिडकीतून. म्हणून मोकळ्या रात्री प्रत्येक चौरस मीटरमागे 60 ते 100 वॉटचा तोटा होत राहतो आणि वस्तू हवेच्याही खाली गार होते. ढग आले की खिडकी बंद. झाड, छप्पर किंवा लाकडी फळी मध्ये आली तरी बंद. कडुनिंब पाणी अडवत नाही. तो सीटला आकाश दिसू देत नाही.

दव धरायला लागलं की गार होण्याला लगामही बसतो. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे 2,500 ज्यूल उष्णता सुटते, ती वस्तूला मिळते. वारा असला तर तोही वस्तूला हवेच्या तापमानावर आणून सोडतो. म्हणून दवाची रात्र नेहमी निवांत आणि चांदण्यांनी भरलेली असते.

याच खिडकीच्या जोरावर आपल्या देशात मैदानी मुलखात बर्फ बनवत. 1775 साली रॉबर्ट बार्कर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने अलाहाबादकडची ही पद्धत लिहून ठेवली आहे. उघड्या जागी उथळ खड्डे करायचे, त्यात उसाची किंवा मक्याची वाळलेली धांडं अंथरायची म्हणजे जमिनीची ऊब वर येत नाही, आणि त्यांवर मातीच्या उथळ परळांत पाणी ठेवायचं. हवा शून्याच्या वर असतानाही पहाटे परळांत बर्फाचा पापुद्रा धरायचा. बर्फच शिकवायचा असेल तर ही गोष्ट सांगा.

दव आणि चांदणं सोबत येतात म्हणून एक समज फार जुना आहे, की चंद्र थंडावा पाझरतो आणि दवात त्याचा गुण उतरतो. चंद्र दिसतो कारण ढग नाहीत, आणि गारवा येतो तोही ढग नाहीत म्हणून. दोघांचं एकमेकांशी नातं नाही. पण या समजातून ‘दवाचं पाणी डोळ्यांत घाला, चष्मा सुटेल’ असले मेसेज फिरतात, तेव्हा मला राग येतो. दव पानावरची धूळ, जंतू आणि फवारणीचं औषध सगळं धरून ठेवतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, त्या मुलखात पऱ्हाटीच्या पानावरचं पाणी लेकराच्या डोळ्यांत घालायचं? हरभऱ्यावर रात्री फडकं अंथरून सकाळी पिळून आंब काढायची जुनी रीत आहे. ती आंबट लागते कारण हरभऱ्याचं पानच मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडतं आणि दव ते धुऊन घेतं. तीसुद्धा आता फवारलेल्या शेतातून नको.

तर आम्ही केलं ते असं. वहिनीच्या घरचा लाकडी पाट संध्याकाळी अंगणवाडीच्या मोकळ्या अंगणात विटांवर ठेवला, चारही कोपऱ्यांना दोन-दोन. मेडिकलमधल्या कापसाचे दोन सारखे बोळे केले. घरचा कापूस आधी घेतला होता, पण त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, थेंब वरच राहतात आणि पिळायला काही मिळत नाही. औषधी कापसाचं मेण काढलेलं असतं. एक बोळा पाटावर ठेवला, दुसरा खालच्या बाजूला दोऱ्याने बांधला. सकाळी ऊन चढायच्या आत मुलांना गोल बसवलं आणि आधी विचारलं, कोणता भिजला असेल? बरीच मुलं म्हणाली, खालचा, कारण खाली माती ओली आहे. मग एकेकाने दोन्ही बोटांनी चेपले. वरच्यातून मदतनीसताईच्या तळहातावर पाण्याचे थेंब आले. “वरचा वला हाये! खालचा कोरडाच हाये!” आणि लगेच एकाचा प्रश्न, “काऊन?”

चार वर्षांच्या मुलाला अवरक्त लहरी सांगू नयेत. वहिनीने सांगितलं, “वरच्याने रात्रभर आभाळ पाहिलं, त्याला लय थंडी वाजली. खालच्याच्या डोक्यावर पाट होता.” यात शास्त्राला धक्का लागेल असं काही नाही. मग मुलं आपणहून अंगणभर फिरली आणि काय ओलं, काय कोरडं ते हात लावून सांगत सुटली. टिनाच्या छपराची पन्हळ टपकत होती, पायरीवरची चप्पल कोरडी होती. शेजारच्या गव्हाच्या वाफ्यात पात्याच्या टोकावर एकेक टपोरा थेंब होता. तो दवाचा असेलच असं नाही, मुळांनी ओढलेलं पाणी पात्याच्या टोकातून तसं बाहेर येतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

नंतर दोन रात्री ढगाळ गेल्या. दोन्ही दिवशी दोन्ही बोळे कोरडे निघाले. मुलं हिरमुसली, पण मला वाटतं प्रयोगाचा तोच महत्त्वाचा भाग होता. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोळा भिजला त्या तारखेला निळा ठिपका आणि नाही भिजला त्या तारखेला ढगाचं चित्र काढतात. पाट संक्रांतीपर्यंत अंगणातच ठेवायचा, असं वहिनीने ठरवलंय.