कुंपण कुणाचं, जमीन कुणाची? को-हाउसिंगमधली दोन अंगणं

को-हाउसिंग म्हणजे प्रत्येकाचं घर स्वतंत्र, पण काही जागा शेजाऱ्यांनी मिळून वापरायची अशी वस्ती. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहरात एन स्ट्रीट को-हाउसिंग नावाची अशी वस्ती आहे. १९५०च्या दशकातली साधी सुटी घरं, प्रत्येक घरामागे परसू आणि दोन परसांच्या मधे फळ्यांचं कुंपण. १९८६ साली त्यातल्या दोन घरांनी मधलं कुंपण काढून टाकलं. पुढे शेजारची घरं त्यात येत गेली, कुंपणंही उतरत गेली. आता मागच्या बाजूने पाहिलं तर सलग बाग दिसते, पण नोंदीत प्रत्येक प्लॉटची हद्द जिथल्या तिथे आहे.

कॉन्डोमिनियम म्हणून, म्हणजे अपार्टमेंटसारख्या मालकीच्या पद्धतीने, नव्याने बांधलेल्या को-हाउसिंगमध्ये चित्र नेमकं उलटं असतं. घरामागे छोटं अंगण, त्याला कुंपण, फाटक, फाटकाला कडी. घर घेणारा समजतो की ही आपली जागा. पण कागदावर ती जमीन सगळ्या घरांची मिळून असते. त्याला मिळालेला असतो तो फक्त एकट्याने वापरण्याचा हक्क.

पहिल्याला ‘मालकीचं अंगण’ म्हणू, दुसऱ्याला ‘राखीव अंगण’. कुठलं अंगण कुठल्या प्रकारचं, हे नुसतं कुंपण बघून कळत नाही, म्हणूनच घोटाळा होतो. को-हाउसिंगमध्ये तो जास्त होतो, कारण इथे सगळी रचनाच सामाईक जागेभोवती असते: प्रत्येकाला स्वतःचं पूर्ण घर आणि स्वयंपाकघर, शिवाय एकत्र जेवायला सामाईक घर, गाड्या कडेला आणि मधे चालायची वाट. डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडॅमेन ही २७ घरांची वस्ती अशी उभी राहिली. अमेरिकेत याच कल्पनेवर पहिल्यांदा नव्याने बांधलेली वस्ती म्हणजे डेव्हिसमधलीच म्यूर कॉमन्स, १९९१ सालची, २६ घरांची.

राखीव अंगणाला कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ‘एक्सक्लुझिव्ह यूज कॉमन एरिया’ म्हणतात. कोलोरॅडो, वॉशिंग्टन अशा राज्यांत हेच ‘लिमिटेड कॉमन एलिमेंट’ होतं. नावातला ‘कॉमन’ हा शब्द विकणारा हळू आवाजात उच्चारतो. एका घरासाठीच बांधलेली पायरी, ओटा, बाल्कनी, फरसबंद पडवी या गोष्टी घोषणापत्रात (वस्तीतल्या जागांची आणि हक्कांची वाटणी लिहिलेल्या नोंदणीकृत कागदात) वेगळं काही लिहिलेलं नसेल तर सहसा त्या घराला राखीव धरल्या जातात. मोकळ्या मातीचं तसं नाही. नकाशावर ती पट्टी तुमच्या घराच्या क्रमांकाने दाखवलेली नसेल, तर तिथे १० वर्षं कढीपत्ता वाढवला तरी ती सामाईकच.

देखभालीची वाटणीही बहुतेकांना ठाऊक नसते. कॅलिफोर्नियात घोषणापत्राने वेगळं ठरवलं नसेल तर राखीव जागेची रोजची निगा घरमालकाने ठेवायची, आणि दुरुस्ती वा बदली घरमालकांच्या संघाने करायची. म्हणजे मूळच्या कुंपणाला तेलपाणी तुम्ही करायचं, कुजलेला खांब बदलायचा तो संघाने. परवानगी काढून तुम्ही स्वतः उभारलेल्या कुंपणाचं वेगळं. परवानगीच्या कागदात त्याचा सगळा खर्च बहुधा तुमच्याच गळ्यात घातलेला असतो, आणि घर विकताना तो नव्या मालकाच्या गळ्यात जातो की नाही, हे लिहायचं राहून जातं.

आता अंगण ३ फूट पुढे सरकवायचं आहे, असं धरा. हा कुंपणाचा प्रश्न वाटतो, पण आहे जमिनीचा. सामाईक जागेतला तुकडा एका घराला राखून द्यायचा, तर कॅलिफोर्नियात किमान ६७ टक्के घरांची संमती लागते. घोषणापत्रात वेगळा आकडा असेल तर तो लागू. कायद्यात काही अपवादही आहेत, पण ‘मला थोडी जागा हवी’ हा त्यात बसत नाही. २६ घरांच्या वस्तीत १८ घरं झाली. नेमकी इथेच को-हाउसिंगवाल्यांची गल्लत होते. निर्णय सर्वसहमतीने घ्यायची सवय असते, त्यामुळे बैठकीत कुणी हरकत घेतली नाही की काम झालं असं वाटतं. बैठकीत गप्प बसलेला माणूस मोजणीत धरला जात नाही. कॅलिफोर्नियात अशा संमतीसाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं. ते घ्या, निकाल इतिवृत्तात नोंदवा आणि नकाशात बदल होत असेल तर तोही नोंदवा. नाहीतर ५ वर्षांनी नवा शेजारी येतो, मूळ नकाशा उघडतो आणि कुंपण मागे घ्यायला सांगतो. त्याचं बरोबरही असतं.

मालकीच्या अंगणाचं गणित साधं, पण त्यालाही काटे आहेत. हद्दीवरच्या कुंपणाचा फायदा दोन्ही बाजूंना होतो असं कॅलिफोर्नियाचा २०१३चा कायदा गृहीत धरतो आणि वाजवी खर्च निम्मा-निम्मा वाटतो. त्यासाठी शेजाऱ्याला ३० दिवस आधी लेखी कळवावं लागतं: अडचण काय, उपाय काय, अंदाजे खर्च किती, वाटणी कशी, काम कधी. कुंपण काढताना मात्र लोक लिखापढी करत नाहीत. दोन मित्रांनी हसतखेळत कुंपण उतरवलं, पुढे एकाने घर विकलं, तर घेणाऱ्यावर त्या मैत्रीचं बंधन नाही. तो हद्दीवर पुन्हा कुंपण घालू शकतो आणि सलग बागेचे दोन तुकडे होतात. जाण्यायेण्याचा आणि वापराचा हक्क दोन्ही मालमत्तांच्या नोंदीत चढवला असेल, तरच ती बाग टिकते.

अंगण कुठलंही असो, खड्डा खणण्याआधी अमेरिकेत ८११ या फोन क्रमांकावर कळवावं लागतं, राज्यानुसार सहसा दोन-तीन कामाचे दिवस आधी. सेवा फुकट आहे. येऊन गॅस, वीज, पाण्याच्या लाइनींवर रंगाच्या खुणा करून जातात. पण त्या खुणा कंपन्यांच्या लाइनींपुरत्याच असतात. वस्तीची स्वतःची ठिबकची नळी किंवा बागेतल्या दिव्याची वायर त्यात येत नाही, आणि राखीव अंगणाखालून नेमकी तीच गेलेली असते. वस्तीचा सिंचनाचा नकाशा मागून घ्या.

६ फुटी कुंपणाला ८ फुटी खांब घेतात, २ फूट जमिनीत. दोन खांबांत ८ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. खड्ड्याच्या तळाशी ६ इंच खडी टाकतात, नाहीतर खांबाचं बूड पाण्यात राहून कुजतं. थंड प्रदेशात खांब गोठणपातळीच्या, म्हणजे हिवाळ्यात माती जिथवर गोठते त्या खोलीच्या, खाली न्यावाच लागतो. तेवढा खोल नसेल तर गोठलेली माती त्याला दर हिवाळ्यात वर ढकलते आणि फाटक लागेनासं होतं. फळ्या जमिनीला टेकवू नका, २ इंच फट सोडा. या वस्त्यांमध्ये घरांमागून पावसाचं पाणी नेणारे उथळ चर असतात, आणि टेकवलेलं कुंपण त्या चरात बांधासारखं काम करतं. पाणी मग शेजारच्या ओट्यावर. राखीव अंगणात फळ्यांचे तयार पट्टे खांबांना बोल्टने जोडलेले बरे, कारण संघाला खालची नळी दुरुस्त करायची वेळ आली तर कुंपण सोडवून परत लावता येतं.

उंचीवरून भांडण होतं तेव्हा मूळ मागणी बहुधा उंचीची नसतेच. कुणाला कुत्रा आवरायचा असतो, कुणाला निवांत चहा प्यायचा असतो. खुर्चीत बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साधारण ४ फुटांवर असतात, त्यामुळे साडेचार फूट पुरतात. उभ्याने शेजाऱ्याशी बोलता येतं आणि बसलं की आडोसा मिळतो. शंका असेल तर दोन काठ्या रोवून त्या उंचीवर जुनी साडी बांधा आणि आठवडाभर बसून पाहा. सामाईक वाटेकडच्या बाजूला आमचा कौल कुंपण नकोच असा आहे. तिथे ६ फूट खोल पडवी आणि कडेला बसण्याजोगा दीड फुटी कट्टा पुरे. त्या बाजूला उंच कुंपण घातलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून खेळणारी मुलं दिसत नाहीत, आणि को-हाउसिंगमध्ये घर त्यासाठीच तर घेतलेलं असतं.

पुण्या-मुंबईत तळमजल्याच्या फ्लॅटबरोबर ‘प्रायव्हेट गार्डन’ घेणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० यातही घोषणापत्रात ठरावीक फ्लॅटसाठी राखून ठेवलेल्या मर्यादित सामाईक जागेची तरतूद आहे, म्हणजे आपलं राखीव अंगणच. सहकारी गृहनिर्माण संस्थेत तर अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झाल्यावर जमीन संस्थेचीच होते. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं. तो निकाल पार्किंगचा आहे, बागेचा नाही, पण करारात ‘विकलं’ लिहिलं म्हणून सामाईक जागा खासगी होत नाही, हा धडा बागेलाही लागतो. शिवाय ती बाग पुष्कळदा इमारतीच्या साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बाजूला मोकळ्या सोडाव्या लागणाऱ्या पट्टीत असते, आणि अग्निशमन गाडीची वाट तिथूनच जात असेल तर सोसायटीने परवानगी दिली तरी कुंपण उभं राहू शकत नाही. घेण्याआधी मंजूर नकाशावर ती पट्टी कशी दाखवली आहे ते बघा. ब्रोशरमधली हिरवळ नकाशात ‘ड्राइव्हवे’ निघू शकते.