कार्यस्थळातील भावनिक आधार

सहकाऱ्याच्या मनावरचा ताण, दुःख किंवा भीती ओळखून त्याला कामाच्या जागीच सोबत देणे, त्याचे ऐकून घेणे आणि गरज पडल्यास तज्ज्ञापर्यंत पोहोचविणे. समुपदेशनाहून हा व्यवहार वेगळा आहे, कारण आधार देणाराही त्याच खात्यात, त्याच पाळीत राबणारा असतो.

उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक अमेरिकेतील कारखान्यांमध्ये साधारणतः १९४० च्या सुमारास सुरू झालेल्या दारूमुक्ती कार्यक्रमांकडे बोट दाखवितात. व्यसनातून सुटलेल्या कामगाराने दुसऱ्याला सावरावे, ही त्यांची पद्धत होती. दुसरे मत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात कामगारांच्या उत्पादनक्षमतेवर झालेल्या प्रयोगांना (१९२४–३२) महत्त्व देते. तेथे १९२८ पासून हजारो कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या, आणि मन मोकळे करता आले एवढ्यानेच अनेकांना हलके वाटते असे आढळले. पुढे १९३६ मध्ये तेथे पगारी समुपदेशक नेमले गेले. मात्र ते व्यवस्थापनाचे नोकर होते आणि गाऱ्हाण्याचे कारण दूर करण्याचा अधिकार त्यांना नव्हता, हा आक्षेप वजनदार आहे. सहकाऱ्यांनी परस्परांना दिलेल्या आधाराचा विचार करता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

नागपुरात या विषयाची पार्श्वभूमी एम्प्रेस मिलपासून पाहावी लागते. जमशेटजी टाटा यांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कामगारांसाठी निवृत्तिनिधी (१८८६) आणि अपघाताची भरपाई (१८९५) या सोयी तिने कायद्याच्या कितीतरी आधी केल्या. भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला. या सोयी मात्र शरीर आणि पैसा यांपुरत्या होत्या. मनाचा भार शेजारच्या मागावरचा माणूसच उचलीत असणार, पण अशा गोष्टींची नोंद दप्तरात होत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ ने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. गिरणी २००२ मध्ये बंद झाली.

आज बुटीबोरी व हिंगणा येथील कारखाने, कोळसा खाणी, रुग्णालये आणि मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पातील कंपन्या येथे हा व्यवहार बहुधा डब्याच्या सुट्टीत चालतो. ‘काहून गप्प आहे बाप्पा आज?’ या प्रश्नाने सुरुवात होते, आणि तो चारचौघांत न विचारता बाजूला घेऊन विचारलेला बरा. तेरावे आटोपून कामावर परतलेल्या माणसाचा पहिला दिवस विशेष कठीण असतो. लोक त्याच्यापाशी विषय टाळतात. एकट्याने डबा उघडावा लागणे त्याला जास्त लागते. अशा वेळी शेजारी बसणे, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलणे, आठवडाभर त्याची रात्रपाळी आपल्याकडे घेणे यांचा खरा उपयोग होतो. ‘आता विसर आणि कामाला लाग’ हा सल्ला, चांगल्या हेतूने दिला तरी, दुखावणारा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत मानसिक प्रथमोपचाराची पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे ही तीन सूत्रे आहेत. आपत्तीच्या प्रसंगासाठी ती लिहिली असली तरी कामाच्या जागीही लागू पडतात. तिसऱ्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. झोप उडणे, सतत चुका होणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे ही लक्षणे दिसली तर एकट्याने सांभाळू नये. टेली-मानस ही दूरध्वनीवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी १४४१६ क्रमांकाची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. नागपुरात शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने घातलेले गोपनीयतेचे बंधन मुख्यतः उपचार करणाऱ्यांवर आहे. सहकाऱ्यावर तसे स्पष्ट बंधन नाही. म्हणून ऐकलेली गोष्ट साहेबांच्या किंवा युनियनच्या कानावर घालण्याआधी सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी. जिवाला धोका दिसत असेल तेवढाच अपवाद.