मद्यविकार आणि नैराश्य

मद्याचे व्यसन आणि नैराश्य हे दोन विकार एकाच व्यक्तीत एकत्र असणे ही मनोविकारतज्ज्ञांना नित्य दिसणारी स्थिती आहे. तिला सहविकार किंवा दुहेरी निदान म्हणतात. दोहोंपैकी एक असला की दुसरा होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असे न्यूझीलंडच्या बोडेन व फर्ग्युसन यांनी २०११ मधील आढाव्यात मांडले. माणूस दुःख विसरायला पितो, ही समजूत घरोघरी आहे. या आढाव्यात मात्र उलटी दिशा, म्हणजे दारूमुळे नैराश्य येणे, अधिक संभवनीय ठरली.

मद्य मेंदूतील गाबा या शामक रसायनाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजकाचा दाबते. म्हणून पहिल्या पेगला ‘टेन्शन उतरते’. रोज पिणाऱ्याचा मेंदू या दाबाची सवय करून घेतो. मग नशा उतरू लागली की धडधड, घाम, हातांची थरथर आणि घालमेल सुरू होते. झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटते. पहाटे जाग येऊन मन खिन्न होणे हे नैराश्याचेही लक्षण असल्याने कशामुळे काय होते आहे हे रुग्णाला उमगत नाही. तो सकाळी ‘उतारा’ घेतो आणि चक्र पुढे चालू राहते.

निदानातला कळीचा प्रश्न असा की नैराश्य स्वतंत्र आहे की दारूजन्य. ब्राउन व शुकिट यांनी १९८८ मध्ये व्यसनोपचारासाठी दाखल झालेल्या पुरुषांची पाहणी केली. दाखल होताना ४२ टक्क्यांमध्ये लक्षणीय नैराश्य होते. चार आठवडे दारूविना गेल्यावर ते फक्त ६ टक्क्यांत उरले. त्यामुळे पिण्याआधीच्या आणि न पिण्याच्या काळातील मनःस्थितीची चौकशी महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रात या चौकशीला श्रावणाचा आधार मिळतो. गटारीनंतर महिनाभर बाटलीला हात न लावणारे पुष्कळ असतात. त्या महिन्यात मन हलके होते की तसेच जड, हे पत्नी किंवा आई बहुधा अचूक सांगते.

नाशिकची देशभरातली ओळख वाइनची आहे, पण या विकारात मोजायचे असते ते माप, पेयाची प्रतिष्ठा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या दहा प्रश्नांच्या चाचणीत एक प्रमाण पेय म्हणजे १० ग्रॅम शुद्ध मद्य. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या १८० मिलिलिटर क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे वाइनच्या चार ग्लासांइतके मद्य असते. ‘रोज फक्त एक क्वार्टर’ म्हणणारा माणूस एका बैठकीत सहा पेये घेत असतो, आणि ऑडिटचा तिसरा प्रश्न नेमका सहा पेयांविषयीच आहे. हातभट्टीच्या किंवा मोहाच्या दारूचे प्रमाण ठरलेले नसल्याने तिथे हा हिशेबही लागत नाही.

पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरी निवृत्तीनाथांच्या समाधीपाशी माळ घालून दारू सोडण्याचा मार्ग या भागात परिचित आहे. भोवतीच्या मंडळींचा आधार मिळतो, ही त्याची खरी ताकद. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास फिट येऊ शकते आणि साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम, कंप, भास यांनी युक्त उन्मादाची अवस्था येऊ शकते. ती जीवघेणीही ठरते. माळ घालण्याआधी डॉक्टरांना भेटावे. सुरुवातीचे दिवस औषधांच्या आणि थायमिनच्या (ब१ जीवनसत्त्वाच्या) आधाराने काढता येतात.

घरच्यांनी चहातून किंवा भाजीतून गुपचूप डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध देणे हा प्रकार सरळ घातक आहे. वर दारू प्यायली गेल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध रुग्णाच्या माहितीने आणि संमतीनेच द्यायचे असते.

‘आधी दारू सोडा, मग डिप्रेशनचं बघू’ हा सल्ला अजून ऐकू येतो. तीव्र नैराश्यात किंवा आत्महत्येचे विचार असताना चार आठवडे थांबणे धोक्याचे, कारण नशेत विचाराचे कृतीत रूपांतर चटकन होते. २०१० मध्ये पेटिनाटी व सहकाऱ्यांनी दोन्ही विकार असलेल्या १७० रुग्णांवर केलेल्या चाचणीत सर्ट्रालिन (नैराश्यावरचे औषध) व नाल्ट्रेक्सोन (दारूची ओढ कमी करणारे औषध) एकत्र घेणाऱ्यांपैकी सुमारे ५४ टक्के दारूपासून पूर्ण दूर राहिले. दोहोंपैकी एकच औषध किंवा औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्या गटांत हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आत होते.

राज्याची ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालये नाशिकपासून दूर आहेत. नाशिककरांसाठी जवळचे सरकारी ठिकाण त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालय. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत मद्याच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक स्थितींचाही समावेश असल्याने उपचाराचा हक्क व्यसनी रुग्णालाही आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.