उपकारस्तुती कुठली आणि नवस कुठला?

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत रांगेतल्या सगळ्यांच्या हातात सारखीच मेणबत्ती दिसते. एकजण म्हणत असतो, "पोराला नोकरी लागू दे, पुढच्या वर्षी पायी येईन." हा नवस. त्याच्या मागच्या बाईच्या मुलाला नोकरी लागून गेलीय. ती कसला नवस बोललेली नव्हती, तरी आली. ही उपकारस्तुती, म्हणजे मिळालेल्याबद्दल देवाचे आभार. तिसरा गेल्या वर्षीचा नवस फेडायला आलाय. तो वरून अगदी त्या बाईसारखाच दिसतो, आणि गफलत होते ती इथेच.

बायबलातल्या लेवीयच्या 7 व्या अध्यायात दोन्ही शांत्यर्पणेच (देवाशी सलोख्याची अर्पणे) आहेत, पण नियम वेगळे. नवसाच्या बळीचे मांस उरले तर दुसऱ्या दिवशीही खाता येई. उपकारस्तुतीचे मात्र त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत काही ठेवायचे नाही. सोबत तेलात मळलेल्या बेखमीर पोळ्या, शिवाय खमीर घातलेल्या भाकरी. एवढे एका दिवसात घरच्यांना थोडेच संपणार? चार माणसे बोलवावीच लागतील.

घरात हाच नियम लावा: आजची उपकारस्तुती आजच. रात्रीच्या जेवणाआधी पाच मिनिटे पुरतात. प्रत्येकाने आजची एकच गोष्ट सांगायची, आणि त्यात वस्तू, वेळ, माणूस यांपैकी दोन तरी हवेत. "देवा, सगळ्यासाठी धन्यवाद" चालवून घेऊ नका. आठवडाभरात ते तोंडपाठ होते आणि मन भलतीकडे असते. "सीबीएस बसस्टँडवर तासभर थांबल्यावर सिन्नरची शेवटची गाडी मिळाली, कंडक्टरने हात करून थांबवली" हे चालेल. ज्या माणसाच्या हातून उपकार झाला त्याला त्याच दिवशी फोन करावा. सुरुवात लहानांनी करावी. आजोबांनी केली की भाजी निवते.

दुसऱ्याच वाक्याला "आणि आता हे दे" सुरू होते, हा नेहमीचा घोटाळा. मागण्याला मनाई नाही, फिलिप्पै 4:6 मध्ये मागणे आणि उपकारस्तुती शेजारी शेजारीच आहेत. फक्त मागणी शेवटी, वेगळी करा. तसेच 1 थेस्सलनी 5:18 "सर्व स्थितीत" उपकारस्तुती करा म्हणते, स्थितीबद्दल नव्हे. मार्चच्या गारपिटीने द्राक्षबाग झोपली तर गारांचे आभार मानायला कोणी सांगितलेले नाही. त्या रात्री विलापाचे स्तोत्र वाचले तरी ती प्रार्थनाच.

नवस म्हणजे पाप नाही. याकोबाने केला, हन्नाने केला. पण त्यात "जर" असतो, आणि कबूल केलेले माप असते, म्हणून घासाघीसही होते. अकरा किलोमीटर पायी म्हटले होते, रिक्षाने आलो तर चालेल का? उपदेशक 5:5 सरळ सांगतो, करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. इफ्ताह "लढाई जिंकलो तर घरातून जे सामोरे येईल ते अर्पीन" असे घाईत बोलून बसला आणि किंमत लेकीने मोजली. "सून अनवाणी येईल" असले दुसऱ्याच्या पायांवरचे नवस याच जातीचे. मार्क 7 मध्ये 'कुर्बान' (हे देवाला वाहिले) म्हणून आईबापांना हात आखडणाऱ्यांना येशूने फटकारले, तेव्हा म्हाताऱ्यांच्या औषधाचे पैसे नवसात घालू नयेत.

झेपत नसेल तर मनाशी कुढत बसू नका. कॅथलिकांच्या 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे अन्यायाने घातलेल्या मोठ्या भीतीपोटी केलेला नवस मुळात रद्दच (कलम 1191). खासगी नवस तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृत्यात स्वतः बदलता येतो (1197); सूट हवी असेल तर पॅरिशचे फादर योग्य कारण पाहून देऊ शकतात, दुसऱ्या कोणाच्या हक्काला धक्का लागत नसेल तर (1196). इतर मंडळ्यांत पाळकांशी बोला.

फेडला की नवस संपतो, आणि माणूस समजतो, आपली उपकारस्तुतीही झाली. लूक 17 मधले दहा कुष्ठरोगी पाहा. येशूने याजकांकडे जा म्हटले, दहाही निघाले आणि वाटेतच बरे झाले; नऊ जण तसेच पुढे गेले. सांगितलेले सगळे केले. आभार मानायला परत आला तो एक शोमरोनी, यहुद्यांच्या लेखी परका, त्याला कोणी परत यायला सांगितलेही नव्हते.

मंडळीत अर्पणाचे पाकीट देताना त्यावर "नवस" की "उपकारस्तुती" हे लिहा, खाली एका ओळीत कारण: "मंगळवारी धाकटीचा ताप उतरला." नाव वाचले तर वाचू द्या. रक्कम वाचू नका, असे पाळकांना आधीच सांगून ठेवा.